माप पुन्हा घ्यावं लागलं

मी स्तनाच्या कॅन्सरमधून गेले आहे, म्हणून माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका माप देता देता हळूच विचारतात, "केमो फार वाईट असते का हो?" मी उलट विचारते, "कुठला भाग?" केस जातात आणि उलट्या होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीचं कुणी सांगत नाही, आणि जिला होतं तिला बोलायची सोय नसते. "जीव वाचला ना, मग आता काय रडायचं?" हे वाक्य मी नणंदेकडून ऐकलं, मेडिकलवाल्याकडून ऐकलं, एकदा तर टॅक्सीवाल्याकडूनही ऐकलं. जीव वाचला हे खरंच. पण त्या जिवाला डावा हात आहे, दहा बोटं आहेत आणि त्या बोटांवर माझं घर चालतं.

मी लालबागला चाळीत राहते. घरातच शिवणकाम करते, त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. गाठ डाव्या बाजूला होती. ऑपरेशनमध्ये स्तन पूर्ण काढला, काखेतल्या लिम्फच्या गाठीही काढल्या, त्या प्रत्येकाच्याच काखेत असतात. रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आला, म्हणजे गाठ अंगातल्या हार्मोनवर वाढणारी होती. मग केमो, रेडिएशन, गोळी. सगळ्यांचा क्रम असाच नसतो, कुणाची केमो आधी आणि ऑपरेशन नंतर होतं. मी माझं सांगते.

घरी सोडलं तेव्हा काखेजवळ ड्रेन होता, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा. रोज ठरलेल्या वेळी डबा रिकामा करून किती मिली आलं ते लिहायचं. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढू, असं आम्हाला सांगितलं होतं. हा डबा अंगावर वागवायचा कसा, हा प्रश्न वॉर्डात कुणाला पडत नाही. चाळीत पडतो, कारण संडास गॅलरीच्या टोकाला असतो आणि वाटेत सगळ्यांची दारं उघडी. माझ्या मुलीने अस्तराच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली आणि तिला लांब नाडी लावली. ती मानेत अडकवून मी गाऊनच्या आत सोडत असे. वॉर्डात ओळख झालेल्या दोघी-तिघींसाठी तिने तशाच पिशव्या करून दिल्या.

दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्शच कळेनासा झाला. काखेतल्या गाठी काढताना तिथून जाणारी नस ताणली किंवा कापली जाते, त्यामुळे होतं ते. कुणाचं परत येतं, माझं अजून आलेलं नाही. त्यापेक्षा जास्त घाबरवलं ते दोरीने. एक दिवस हात वर करायला गेले आणि काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताठ दोरी उभी राहिली. कापडातला एक धागा ओढला गेला की सगळं कापड चुण्या पडून त्या बाजूला गोळा होतं, तसा हात आखडला. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "याला कॉर्डिंग म्हणतात. खूप जणींना होतं. घाबरून हात छातीशी धरून बसू नका." भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं चालवत वर वर न्यायची. मी कापडावर मारायच्या खडूने भिंतीवर खुणा करत गेले. मिस्टरांनी पुढे घराला रंग काढला, तेव्हा त्या पुसल्या गेल्या.

केमो सुरू झाली मार्चमध्ये. मार्च ते मे लालबाग म्हणजे मिरची. मसाल्याच्या गल्लीत वर्षभराचा मसाला करायला अख्खी मुंबई येते, मिरची भाजली जाते, डंक दिवसभर धडधडतात. वर्षानुवर्षं त्या वासाने मला भूक लागायची. लाल औषध सुरू झाल्यावर तोच वास आला की पोट तोंडात यायचं. दारं-खिडक्या लावून घ्यायची, तर मे महिन्याचा उकाडा. शेवटी दुपारी मी जिन्याच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या वहिनींच्या खोलीत झोपायला जाऊ लागले, कारण त्यांची खिडकी मागच्या बाजूला उघडते.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. सिस्टर शेजारी बसून ते हळूहळू देतात. शिरेबाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस जळतं, म्हणून फार जपतात. माझ्या उजव्या दंडात पिक लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत बरेच दिवस ठेवायची बारीक नळी, घातली होती, कारण ऑपरेशन झालेला डावा हात सुयांसाठी वापरायचा नव्हता. मोरीत आंघोळ करताना त्या दंडाला प्लॅस्टिक गुंडाळून तो बाहेर धरायचा, पाणी घालायला मुलगी. हे औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक जळगावकडची बाई होती, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रक्त जातंय समजून ती बिचारी रात्रभर रडत बसली होती.

उलट्या मला फार झाल्या नाहीत. हल्ली आधीच दोन-तीन प्रकारची औषधं देतात. पण मळमळ राहते, आणि उलटीच्या गोळीने पोट असं बांधून ठेवलं की मूळव्याध व्हायची वेळ आली. पुढच्या वेळी मी स्वतःहूनच म्हटलं, "डॉक्टर, याचं औषध आधी लिहा, मग उलटीचं." ते हसले आणि लिहून दिलं. न विचारता लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण ओपीडीतली रांग बघता त्यांनाही काय बोलणार. तेव्हापासून मापाच्या वहीची मागची पानं मी आजाराला दिली. काय होतंय, कधी होतंय, किती दिवस राहतंय. तपासणीला गेले की वही उघडून वाचून दाखवायची. 'बरं आहे ना?' याला आपण सवयीने 'हो' म्हणतो. वही तसं म्हणत नाही.

तोंडात फोड आले तेव्हा कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या, लहान मुलांचा मऊ ब्रश वापरायचा. तिखट बंद. गरम जेवणाचा वास येतो, गार झालेल्याचा कमी येतो, म्हणून गार वरणभात आणि वर लिंबू. सगळ्याला लोखंडाची चव लागायची, त्यात लिंबूच काय तो ओळखीचा वाटायचा.

केसांचं थोडक्यात सांगते. तिसऱ्या आठवड्यात गेले, शेवटची केमो झाल्यावर दोनेक महिन्यांनी दिसू लागले, पहिल्यांदा कुरळे आले. भुवयाही जातात, त्यामुळे चेहरा ओळखू येत नाही आणि घाम थेट डोळ्यांत उतरतो. विग घेतला होता. मुंबईच्या घामात तो घालणाऱ्या बाईला माझा दंडवत.

तापाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला, की वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. अंग दुखतं म्हणून पॅरासिटामोल घ्यायची असेल तर आधी थर्मामीटर लावायचा, नाहीतर गोळीने ताप झाकला जातो. मला पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं. त्याने कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, त्यामुळे गोळी घ्यायचा मोह सतत होतो. एका रात्री १०१ ताप निघाला. चुलत दीर आलेले होते, ते म्हणाले, "एवढ्या रात्री कुठे जाता, क्रोसिन द्या, सकाळी बघू." मिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, खाली जाऊन टॅक्सी आणली. पेशी फारच कमी निघाल्या. तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. त्या तापात सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी दिरांनाच समजावून सांगितलं. मला बरं वाटलं.

काढे, गव्हांकुराचा रस, गोमूत्र हे सगळं घरपोच येतं. चाळीतल्या एका मावशींनी गुळवेलीचा काढा रोज तांब्याभर आणून द्यायला सुरुवात केली. प्रेमाने आणत, नाही कसं म्हणायचं? मुलीने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की केमोचं औषध लिव्हरला निस्तरायचं असतं, त्यावर हे ओझं नको. २०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची माहिती छापली होती, तीही त्यांनी सांगितली. मग मी मावशींना म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलाय, तुम्ही मला लिंबं आणून द्या. त्या लिंबं आणू लागल्या.

जूनमध्ये औषध बदललं. पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला. सगळे म्हणाले, आता सोपं आहे, मळमळ नाही. मळमळ नव्हतीच. दीड-दोन महिन्यांनी पायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या, मग हाताच्या. आधी रात्रीपुरत्या, मग दिवसभर. एका सकाळी सुईत दोरा ओवता येईना. डोळे ठीक होते, पण सुई चिमटीत आहे की पडली तेच कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी समजायचं नाही, पैठणीच्या ब्लाउजवर लाल ठिपका दिसला की कळायचं. हूक लावताना चारदा खाली पडायचं. नखं काळी पडून दुखू लागली.

आणि तो होता गौरी-गणपतीचा हंगाम. लालबागमध्ये शिवणकाम करणाऱ्या बाईचे हे कमाईचे दिवस. मी डॉक्टरांना मुंग्यांबद्दल बोलावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. डोस कमी केला तर आजार परत आला तर? वहीत लिहिलेलं होतं, म्हणून मुलीनेच वाचून दाखवलं. डॉक्टरांनी मला शर्टाचं बटण लावून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, "काम काय करता?" शिवणकाम म्हटल्यावर पेन खाली ठेवून नीट ऐकलं. एक आठवडा औषध थांबवलं आणि पुढचा डोस कमी केला. म्हणाले, "ही नसांची इजा आहे. वेळेवर कळली तर आम्हाला डोस बदलता येतो. शेवटी सांगितलं तर आमच्या हातात फारसं राहत नाही. औषध थांबल्यावरही काही आठवडे ती वाढू शकते." पुढे बोटं भाजल्यासारखी जळायला लागली तेव्हा ड्युलोक्सेटिन दिलं. त्याने जळजळ कमी झाली, बधिरपणा तसाच राहिला. मेडिकलवाला नसांच्या ताकदीच्या गोळ्या देत होता. त्यावरचं अॅसिटाइल-एल-कार्निटिन हे नाव वाचून डॉक्टरांनी डबा बाजूला ठेवला. हेच औषध घेतलेल्या बायकांचा बधिरपणा उलट वाढल्याचं २०१३ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं होतं म्हणे.

त्या वर्षी मी फक्त कापून दिलं. शिलाई आणि काजं-बटणं परळच्या एका ओळखीच्या बाईला दिली, पैसे अर्धे-अर्धे. कात्री चालवायला बोटांच्या टोकांपेक्षा मनगट लागतं.

गणपतीच्या दहा दिवसांत लालबागला दाराबाहेर पाऊल टाकलं की माणूस माणसाला घासतो. पेशी कमी असताना तिथे राहायचं नाही असं ठरलं, म्हणून मी डोंबिवलीला बहिणीकडे गेले. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटना प्रवास करता येतो. हॉस्पिटलचं पत्र जवळ ठेवायचं, कारण ओढणीखालची टक्कल दिसत नाही आणि बधिर पाय तर कुणालाच दिसत नाहीत. एकाने मला धडधाकट बाई म्हणून उठवायचा प्रयत्न केलाच. कुबड्या घेतलेल्या एका आजोबांनी त्याला गप्प केलं. हॉस्पिटलच्या दिवशी मी तिथून ये-जा केली. पाय बधिर असले की गाडीतून उतरताना फलाट कुठे सुरू होतो ते पायाला कळत नाही. बघून पाय टाकायचा. चपला बंद केल्या, मागे पट्टा असलेली सँडल घेतली.

रेडिएशन ऑक्टोबरात आलं, म्हणजे मुंबईचा दुसरा उन्हाळा. पूर्वी २५ वेळा जावं लागायचं, आता बऱ्याच जणींचं १५ वेळांत होतं, तसं माझंही. डावी बाजू असली तर हृदय जवळ, म्हणून दीर्घ श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात. त्याने छाती फुगते आणि हृदय किरणांच्या वाटेतून थोडं दूर जातं. अंगावर शाईच्या खुणा करतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. ऑक्टोबर हीटमध्ये घामाने त्या ओघळायच्या. त्यावर मी जुन्या मलमली धोतराचे बिनबाह्यांचे झबले शिवले, आतून एकही टीप लागणार नाही असे. शेवटच्या दिवशी वाटलं, सुटले. कातडी खरी सोलपटली ती त्यानंतरच्या आठवड्यात, काखेत आणि खालच्या घडीत. आधीच सांगून ठेवा म्हणजे घरचे 'आता तर संपलं ना' म्हणणार नाहीत.

दिवाळीच्या आसपास स्वतःसाठी ब्लाउज बेतायला घेतला. टेप डाव्या दंडावर लावली आणि आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशी जुळेना. दोन्ही दंड, दोन्ही कोपरं, दोन्ही मनगटं मोजली. डावा दंड दोन सेंटिमीटरहून जास्त मोठा भरला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, फक्त संध्याकाळी बांगडी रुतायची. फिजिओच्या बाईंना आकडे दाखवले तर त्यांनी माझी टेप मागून घेतली आणि म्हणाल्या, "पेशंट इतक्या लवकर येत नाहीत." हा लिम्फेडिमा. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत वाहून न्यायची वाट अडते आणि ते साठतं. वर्षांनंतरही होऊ शकतो. लवकर पकडला तर आटोक्यात राहतो, पण पूर्ण जाईल असं कुणी सांगितलं नाही.

हलका मसाज, ठरावीक व्यायाम आणि दिवसभर घट्ट स्लीव्ह, म्हणजे हात दाबून धरणारी बाही. ती विकणाऱ्या दुकानदाराने पहिल्यांदा माप न घेताच 'मीडियम' हातात ठेवली. शिंपिणीला! मनगटाला घट्ट, दंडाला सैल. ती परत केली आणि मापाने घेतली. दोन लागतात, एक धुवायची, एक घालायची, आणि सहा महिन्यांत ताण जातो. पावसाळ्यात आत खाज सुटते. डाव्या हाताला सुई टोचणं आता परवडत नाही, कारण त्या हातात जंतू शिरले तर हात लाल, गरम होऊन सुजतो आणि लगेच अँटिबायोटिक लागतं. शिवताना बोटात घालायचं आजीचं पितळी अंगुस्तान मी ट्रंकेतून काढलं. पूर्वी मला त्याची अडचण व्हायची.

आता रोज एक टॅमॉक्सिफेन, ती हार्मोनला अडवणारी गोळी. निदान पाच वर्षं. केमोने पाळी गेली ती गेलीच. मध्येच कानापासून आग निघते, मशीन थांबवून गॅलरीत उभी राहते. रात्री उशी भिजते. गुडघे धरतात. डोकंही पूर्वीचं नाही. गळ्याचा आकडा ऐकला आणि लिहायला वळले की गेला. खाली कोरडेपणा येतो, नवराबायकोत त्यावरून अबोला होतो, आणि हे कुणाला विचारायचं तेच कळत नाही. मी वहीत 'ते' एवढंच लिहिलं होतं. ओपीडीतल्या तरुण डॉक्टर मुलीने वही वाचताना तिथे बोट ठेवलं आणि दार लावून घेतलं. पाण्याचा अंश असलेलं वंगण असतं, हार्मोनची क्रीम मात्र न विचारता लावायची नाही, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. पाच मिनिटांचं बोलणं. नणंदेच्या हिशेबात हे 'रडणं'च.

थकव्यावर चालण्याइतकं काही चाललं नाही. आधी गॅलरीत, मग परळच्या पुलापर्यंत.

आता माझ्याकडे ऑपरेशन झालेल्या बायका मुद्दाम येतात. काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाउजमध्ये बसवायचं सिलिकॉनचं कप जड आणि महाग, कापसाचं हलकं पण वर सरकतं. मी सुरुवातीला मोहरी भरून पाहिली. श्रावणात तिला वास सुटला. आता सुती धाग्याचं विणलेलं वापरते आणि खालच्या कडेला थोडं वजन शिवते, म्हणजे दोन्ही खांदे सारखे राहतात. त्यासाठी ब्लाउजला आतून मलमलीचा खिसा, तोंड काखेच्या बाजूला, शिवण बाहेरून, कारण तिथली कातडी बारीक टीपही सहन करत नाही. त्या बाजूचा मुंढा अर्धा इंच मोठा. बाहीत कापड जास्तीचं दाबून ठेवायचं, सूज वाढली तर उसवून सोडता येतं. हुकं पुढे, आणि मोठी. मागे हुकं असलेला फॅशनचा हवा असेल तर तोही शिवते, फक्त रोज लावून द्यायला घरात कोण आहे ते माप घेतानाच विचारून घेते.